मुस्लिम मुलींसाठी वेगळ्या स्पर्धा? हो, पण कडी त्यांच्याच हातात हवी

मुस्लिम बायकांसाठी वेगळ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धा असाव्यात का, हा विषय निघाला की आपल्याकडे लोक लगेच दोन टोकांना जाऊन उभे राहतात. एकांचं म्हणणं, खेळाला धर्म नसतो, वेगळं कशाला, सगळ्यांसारखं या आणि खेळा. दुसऱ्यांचं म्हणणं, आमच्या मुली पुरुषांसमोर खेळणार नाहीत, वेगळं करून देत असाल तर बघू. मी पुण्यात कॅम्पातल्या एका शाळेत मुलींना पीटी आणि बास्केटबॉल शिकवते, स्वतः मुस्लिम आहे, कोंढव्यात राहते, आणि मला दोघांशीही भांडायचंय. माझं म्हणणं असं की अशा स्पर्धा हव्यातच, बायकाच खेळाडू, बायकाच पंच, बायकाच प्रेक्षक, पण त्या कुठल्याही धर्माच्या बाईला खुल्या हव्यात, तिथल्या निकालाला बाहेर किंमत हवी, आणि तिथे खेळलेल्या मुलीला उद्या खुल्या मैदानात उतरावंसं वाटलं तर तिला अडवायचा हक्क सरकारला नको, मौलवींना नको, फेडरेशनला नको आणि घरच्यांनाही नको. यातलं एक जरी सुटलं तरी सगळं बिघडतं, आणि आत्तापर्यंत तेच होत आलंय.

अशा स्पर्धा आधी झाल्यात, चार वेळा झाल्यात, हेच मुळात बऱ्याच जणांना माहिती नाही. तेहरानमध्ये १९९३ ला पहिली, मग १९९७, २००१ आणि २००५. सुरू केल्या फाएझे हाशमी यांनी, तेव्हाचे इराणचे राष्ट्राध्यक्ष रफसंजानी यांची ही मुलगी. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे बायकांचा खेळ जवळपास बंदच पडला होता. ऑलिंपिकला इराणची बाई परत जायला १९९६ साल उजाडलं, आणि गेली ती नेमबाज, लिदा फरीमान, कारण अंगभर कपडे घालून, डोकं झाकून रायफल धरता येते, त्याच कपड्यांत शंभर मीटर पोहता येत नाही. हाशमीबाईंनी यावर काढलेला तोडगा म्हणजे हॉलची दारं बंद, आत एकही पुरुष नाही, कॅमेरा नाही, मग मुलींनी शॉर्ट्स घालून धावावं, कॉस्च्युम घालून पोहावं, हवं तसं खेळावं. आणि यातून एक गोष्ट आपोआप होते जी मला कोच म्हणून फार मोठी वाटते, ती म्हणजे पुरुष आत येणारच नाही म्हटल्यावर पंच, टायमर, डॉक्टर, फिजिओ सगळ्या बायकाच लागतात, मग त्या शोधाव्या लागतात, शिकवाव्या लागतात, तयार कराव्या लागतात. आपल्याकडच्या डिस्ट्रिक्टच्या मुलींच्या मॅचला आजही स्कोअरच्या टेबलवर किती बायका बसलेल्या असतात ते एकदा जाऊन बघा.

पण हे तर पडदा आणखी पक्का करणं झालं, असं मला माझ्याच ओळखीतले पुरोगामी लोक सांगतात. याच पुण्यात २२ मार्च १९७० ला हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्या विचारात वाढलेली ही माणसं आहेत, तोंडी तलाकच्या प्रश्नावर बोलायची कोणाची हिंमत नव्हती तेव्हा ही बोलली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांचा मुद्दा असा की एकदा वेगळं दार केलं की मुलींना कायम त्याच दारातून पाठवतील. हा मुद्दा खोटा नाहीये, मी त्याच्याकडे येतेच. पण आधी मला विचारायचंय की वेगळं म्हणजे मागासलेलं, हे ठरवलं कोणी? १८४८ ला भिडे वाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी काढलेली शाळा मुलींचीच होती. हुजूरपागा मुलींचीच. कर्व्यांनी १९१६ ला विद्यापीठ काढलं तेही बायकांचंच. मुलामुलींना एकत्रच शिकवायचं नाहीतर शिकवायचंच नाही असा हट्ट तेव्हा कोणी धरला असता तर कित्येकींच्या आज्या-पणज्या घरीच बसल्या असत्या.

आणि आजचं पुणं बघा ना. शहरातल्या बहुतेक पोहण्याच्या तलावांवर लेडीज बॅच असते. तिथे सदाशिव पेठेतल्या काकू येतात, कोथरूडच्या येतात, आमच्याकडच्याही येतात, कोणी कोणाला जात-धर्म विचारत नाही आणि त्यात कोणाला मागासलेपण दिसत नाही. पुरुषांच्या नजरेसमोर कॉस्च्युम घालून पाण्यात उतरायला पुष्कळ बायका तयार नसतात म्हणून ती सोय आहे, इतकं साधं आहे ते. मग तीच सोय मोमीनपुऱ्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला हवी म्हटलं की एकदम धर्माचं प्रकरण का होतं?

वेगळ्या स्पर्धेतून मुख्य दार उघडलं गेल्याचं उदाहरण तर ऑलिंपिकच्याच इतिहासात आहे. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबर्तांना बायकांनी स्पर्धेत उतरणं मान्यच नव्हतं. फ्रान्सच्या अलिस मिल्या या बाईंनी ॲथलेटिक्ससाठी दार ठोठावलं, कोणी उघडेना, तेव्हा त्यांनी १९२२ ला पॅरिसमध्ये बायकांची स्वतःची ऑलिंपिक भरवली. लोक ती बघायला आले, मग १९२६ ला गोथेनबर्ग, १९३० ला प्राग, १९३४ ला लंडन. आणि मधेच १९२८ ला ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांच्या धावण्या-फेकण्याचे पाच प्रकार घ्यावे लागले, कारण नाही घेतले तर ही बाई आपला तंबू वेगळाच ठोकून बसलीये आणि तिथे गर्दी होतेय हे सगळ्यांना दिसत होतं. त्यातही ८०० मीटरनंतर मुली कोसळल्या अशा रंगवून बातम्या आल्या आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद केली, हेही लक्षात ठेवा, म्हणजे बायकांच्या शरीराची काळजी करून त्यांना घरी बसवणारे फक्त मुल्ला-मौलवी नव्हते.

आपलं जवळचं उदाहरण क्रिकेटचं. बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ ला पुण्यात झाली, तीन टीम होत्या फक्त, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. बायकांच्या क्रिकेटची संघटना तेव्हा वेगळी होती, बीसीसीआयशी तिचा संबंध २००६ ला आला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला. तेहतीस वर्षं त्या बायका आपल्या आपल्या चालवत होत्या म्हणून पुढच्या मुलींना उभं राहायला काहीतरी जमीन होती.

आता तेहरानच्या स्पर्धांमध्ये काय चुकलं ते. अलिस मिल्याच्या स्पर्धेला माणसं बघायला येत होती, वेळा पेपरात छापून येत होत्या, त्या जोरावर तिला भांडता आलं. तेहरानमध्ये आत कोण किती वेगाने धावलं हे बाहेर कोणी बघितलंच नाही, मग बातमी नाही, स्पॉन्सर नाही, आणि त्या मुलीला पुढे बोलवायला कोणी कोच नाही. २००५ ला बिगर-मुस्लिम बायकांनाही प्रवेश दिला होता, ती मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, पण त्यानंतर ही स्पर्धा परत झालीच नाही. एका माणसाच्या वशिल्यावर, एका सरकारच्या मर्जीवर उभी राहिलेली गोष्ट मर्जी फिरली की संपते. ज्या हाशमीबाईंनी ती उभी केली त्यांचं वर्तमानपत्र १९९९ ला बंद केलं गेलं, २०१२ ला त्यांना तुरुंगात टाकलं, २०२२ च्या आंदोलनात परत अटक केली.

आणि त्याहून वाईट म्हणजे, आत सोय करून दिली म्हणून बाहेरचं दार बंद ठेवायला जणू परवानाच मिळाला. ज्या शहरात बायकांच्या या स्पर्धा झाल्या त्याच तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये बायकांना पुरुषांची फुटबॉल मॅच बघायला बंदी होती. सहर खोदायारी नावाची मुलगी पुरुषाचे कपडे घालून मॅच बघायला गेली, पकडली गेली, सहा महिने तुरुंग होईल असं कळल्यावर कोर्टाबाहेर तिने स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये गेली. पुढच्या महिन्यात बायकांना आत सोडलं, कंबोडियाविरुद्धच्या मॅचला, तेही थोड्याच तिकिटांवर. माझ्या पुरोगामी मित्रमैत्रिणींची भीती इथे शंभर टक्के खरी ठरते, आणि म्हणूनच माझी अट आहे की बंद हॉलची सोय कधीच खुल्या मैदानाच्या बदल्यात घ्यायची नाही.

पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनची गोष्ट या सगळ्यात मला फार महत्त्वाची वाटते. महिला ग्रँडमास्टर, २००९ ची मुलींची ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन. २०१८ ला आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धा इराणमध्ये हमादानला होणार म्हणून कळलं, आधी ती बांगलादेशात होणार होती, आणि तिथे डोक्यावर स्कार्फ सक्तीचा होता. तिने जाहीर सांगितलं की मी जाणार नाही, ही माझ्या मूलभूत हक्कांवर गदा आहे. त्याआधी २०१६ मध्ये हीना सिद्धूने याच कारणासाठी तेहरानची नेमबाजी स्पर्धा सोडली होती. देशाकडून खेळायची संधी सोडणं काय असतं हे खेळलेल्या माणसालाच कळतं. सौम्याने बरोबर केलं असं मी तेव्हाही स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणाले, आणि तिथले सगळे माझ्याशी सहमत होते.

पण मग तोच न्याय दुसऱ्या बाजूने का नाही लावायचा? फ्रान्सने पॅरिस २०२४ ला स्वतःच्या खेळाडूंना हिजाब घालायला बंदी केली. रिले धावणारी सुंकाम्बा सिला, तिला उद्घाटनाच्या सोहळ्यात स्कार्फऐवजी टोपी घालून बोटीत उभं राहावं लागलं. आणि त्याच ऑलिंपिकच्या शेवटी नेदरलँड्सची सिफान हसन मॅरेथॉनचं गोल्ड घ्यायला हिजाब घालून आली, कारण तिच्या देशाने तिला अडवलं नव्हतं, धावली मात्र ती नेहमीसारखी उघड्या डोक्याने. तिला धावताना नको होता, मेडल घेताना हवा होता, विषय संपला. मला नेमकं एवढंच हवंय. हमादानला सौम्याच्या डोक्यावर स्कार्फ चढवणारा अधिकारी आणि पॅरिसला सिलाच्या डोक्यावरचा उतरवणारा अधिकारी, दोघेही मुलीला विचारत नाहीत, आणि दोघांमुळेही शेवटी एक मुलगी टीममधून बाहेर राहते. सौम्याच्या वेळी माझ्याबरोबर असलेल्या काही लोकांना हे पटत नाही, हिजाब काढायला लावणं म्हणजे तिची सुटकाच आहे असं त्यांना वाटतं. मी त्यांना विचारते की सुटका झालेली ती मुलगी आत्ता कुठल्या ग्राउंडवर खेळतेय, ते दाखवा.

नियमांचं म्हणाल तर मोठ्या फेडरेशननी यावर वर्षं वाया घालवलीत. फुटबॉलमध्ये गळ्याशी फास बसेल असं कारण सांगून स्कार्फ बंद होता. २००७ ला कॅनडात एका ११ वर्षांच्या मुलीला मॅचमधून बाहेर काढलं तिथून हा वाद पेटला, २०११ ला अम्मानमध्ये जॉर्डनविरुद्ध इराणच्या मुलींची ऑलिंपिक पात्रतेची मॅच याच कारणावरून गेली, ग्राउंडवर रडत होत्या त्या पोरी. म्हणजे घरचं सरकार म्हणतंय काढायचा नाही, फिफा म्हणतंय काढल्याशिवाय खेळायचं नाही, आणि मधे ती मुलगी. शेवटी २०१४ ला परवानगी मिळाली. बास्केटबॉल आणखी उशिरा, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब काढा म्हटलं, त्या न खेळता परत गेल्या, फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक फेडरेशनने, नियम बदलला २०१७ ला. वेटलिफ्टिंगमध्ये २०११ ला अमेरिकेच्या कुलसूम अब्दुल्लाने प्रश्न लावून धरला. तिथे अडचण खरी होती, वजन वर गेल्यावर कोपर सरळ लॉक झालंय का हे पंचांना दिसावं लागतं. तर अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा सूट चालेल असं ठरलं, कोपर दिसतं आणि त्वचा झाकलेली राहते. बसून विचार केला तर तोडगा निघतो हे यातून दिसतं, फक्त कोणीतरी बसायला तयार हवं.

माझ्या टीममधलीच गोष्ट सांगते. एक मुलगी आहे, नाव नको, पॉइंट गार्ड, तिचा ड्रिबल बघायला दुसऱ्या शाळेच्या मुली थांबतात. इंटरस्कूलच्या एका मॅचला पंचांनी खेळ थांबवला आणि स्कार्फ काढ म्हणाले. स्कार्फला दोन टाचण्या होत्या आणि टाचणी दुसऱ्या मुलीच्या डोळ्यात जाऊ शकते, तेवढं त्यांचं बरोबरच होतं. पण टाचणी काढली की स्कार्फ सुटतो, स्कार्फ सुटला की ती बाहेर. मी फिबाचा नियम मोबाईलवर काढून दाखवला, ते म्हणाले मॅडम ते इंटरनॅशनलला असेल, इथे नाही. ती राहिलेली मॅच बेंचवर बसली. घरी गेल्यावर तिच्या अम्मीने जुन्या होजिअरीच्या टी-शर्टचं कापड कापून मशीनवर एक टोपरं शिवलं, मानेपाशी इलॅस्टिक, एकही टाचणी नाही, डोक्यातून घातलं की झालं. आता आमच्या टीममध्ये ज्यांना हवं त्या सगळ्यांसाठी तीच शिवून देते, टीमच्या रंगाचं. टीममधल्या दोन मुस्लिम मुली काहीच घालत नाहीत, त्यांना कोणी विचारत नाही. पुढच्या मॅचला दुसऱ्या पंच होत्या, त्यांनी हात लावून बघितलं, कुठे टोचत नाही ना, आणि शिट्टी वाजवली.

आमच्या समाजातल्या लोकांशीही मला बोलायचंय, कारण बंद दाराची स्पर्धा म्हटलं की यांना आनंद होतो तो चुकीच्या कारणाने. सगळ्या मुस्लिम मुलींना तीच हवीये असं धरून चालू नका. नवल अल मुतवक्किलने १९८४ ला ४०० मीटर हर्डल्सचं गोल्ड घेतलं आणि सगळा मोरोक्को नाचला. अल्जेरियाची हसीबा बुलमर्का शॉर्ट्स घालून धावते म्हणून तिला जिवे मारायच्या धमक्या आल्या, तिला सराव बर्लिनला जाऊन करावा लागला, आणि तिने १९९२ ला बार्सिलोनात १५०० मीटर जिंकली. सानिया मिर्झाच्या स्कर्टवरून फतवा निघाला ते २००५ साल, त्याच वर्षी ती यूएस ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली. निखत झरीन निजामाबादची, शॉर्ट्सवरून लोक काय काय बोलायचे ते तिने स्वतःच सांगितलंय, तिचे अब्बू मात्र पाठीशी राहिले आणि २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्ल्ड चॅम्पियनशिप तिने जिंकल्या. यातल्या एकीलाही बंद हॉल नको होता. मग तिकडे बहरीनची रुकैया अल घस्रा डोक्यापासून पायापर्यंत झाकून धावली आणि २००६ च्या आशियाई स्पर्धेत २०० मीटरचं गोल्ड घेतलं. कमी मुस्लिम, जास्त मुस्लिम असा तराजू यांच्यासमोर धरायचा अधिकार कोणाला नाहीये, आणि तुमची मुलगी यांच्यातली कोणासारखी निघेल हे तुम्ही आधी ठरवू शकत नाही.

आता खरी अडचण कुठे येते ते, कारण मी रोज तेच बघते. पाचवी-सहावीपर्यंत मुली भरपूर खेळतात, सातवी-आठवीत एकेक गळायला लागते. बाहेरच्या लोकांना वाटतं मौलवींनी सांगितलं असेल. मला तरी आजपर्यंत एकाही बापाने मौलवींचं नाव सांगितलेलं नाही. 'लोगां क्या बोलेंगे' हे मात्र आजी सांगते, फुप्पी सांगते, आणि ते मराठी घरांतही 'लोक काय म्हणतील' म्हणून सांगतातच. बापाचे प्रश्न वेगळे असतात, गेटवर उभा राहून विचारतो, मॅडम कोच लेडीज आहे का, कपडे बदलायला खोली आहे का, की बसमध्येच बदलणार, किती वाजता सुटणार, अंधार पडल्यावर कोण सोडणार. मुलींना पाळीच्या दिवसांत वापरता येईल असं टॉयलेट किती ग्राउंडवर आहे ते मी सांगत नाही, तुमच्या भागातल्या ग्राउंडवर जाऊन बघा. वरच्या लेव्हलला खेळलं की दहावीला ग्रेस मार्क मिळतात हे सांगून मी काही घरं पटवली, पण खोलीला दार नसेल तर ग्रेस मार्क सांगून काय उपयोग.

आणि या सगळ्यावर कडी करणारा एक प्रश्न गेल्या काही वर्षांत आलाय, फोटो कोण काढणार? तेहरानला कॅमेरा नको हा सरकारचा हुकूम होता. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. परवा एक अब्बू मला म्हणाले, मॅडम खेळू दे तिला, शॉर्ट्स पण घालू दे, फक्त फोटो टाकू नका. मी थक्क झाले, कारण हे ऐकायला मी तयारच नव्हते, शॉर्ट्सला हो म्हणतोय हा माणूस. त्यांची भीती कुठून आलीये हे मला माहितीये, कारण मॅचचा साधा व्हिडिओ कोणीतरी कापून, स्लो करून टाकतं आणि खाली जे लिहिलं जातं ते मी इथे लिहू शकत नाही. आणि हे फक्त आमच्या मुलींबरोबर होत नाही, टीममधल्या कुलकर्णी, जाधव, डिसूझा सगळ्यांबरोबर होतं. एका मुलीची आई, ती मुस्लिम नाही, ती मला म्हणाली की तुम्ही लोक बायकांची बंद स्पर्धा घेणार असाल तर आमचीचं पण नाव घाला. बंद दार कोणाकोणाला हवंय हे तिच्या बोलण्यावरून कळतं, म्हणून मी म्हणते की नावात मुस्लिम घालायची गरजच नाही. फक्त बायकांची स्पर्धा घ्या, मुस्लिम मुली आपोआप येतील, बाकीच्याही येतील, आणि खेळून झाल्यावर आपला कोणता फोटो बाहेर जावा हे त्या त्या मुलीने स्वतः निवडावं, ज्यांना जगाने बघावं असं वाटतं त्यांचे जाऊ देत. रिझल्ट मात्र सगळ्यांचे नावानिशी, वेळेनिशी लागले पाहिजेत, नाहीतर परत तेहरानसारखं होईल.

दोन्ही दारं बंद झाली की काय होतं ते अफगाणिस्तानात दिसतंय. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या २५ मुलींना क्रिकेट बोर्डाने कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं. ऑगस्ट २०२१ ला तालिबान आलं आणि त्यातल्या बहुतेक जणी ऑस्ट्रेलियाला पळाल्या. एकत्र टीम म्हणून मॅच खेळायला मिळाली ती ३० जानेवारी २०२५ ला, मेलबर्नमध्ये, तीही प्रदर्शनीय. आणि पुरुषांची टीम? ती आपल्या गहुंज्यात ३० ऑक्टोबर २०२३ ला वर्ल्ड कपची मॅच खेळली, श्रीलंकेला हरवलं, पुणेकरांनी भरभरून टाळ्या दिल्या. त्या खेळाडूंबद्दल माझ्या मनात काही नाही, पण पूर्ण सदस्य देशाला बायकांची टीम असायला हवी असं आयसीसीचेच नियम सांगत होते आणि त्या दिवशी स्टेडियममध्ये तो प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. झाकलं तरी नको, बंद दाराआड तरी नको, खेळूच नका, हे ज्यांना पाहिजे ते तिथे सत्तेत आहेत. तेव्हा आपल्याकडे बंद दाराच्या स्पर्धेला विरोध करणाऱ्यांनी आणि फक्त बंद दारच हवं म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही जरा त्या मुलींकडे बघून बोलावं.

मुस्लिम देशांच्या इस्लामिक सॉलिडॅरिटी गेम्सचंच बघा, २००५ ला मक्केला झाल्या तेव्हा फक्त पुरुष होते. २०२५ ला त्याच सौदीत रियाधला झाल्या तेव्हा बायका खेळत होत्या. मधे २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सौदीची सारा अत्तार ८०० मीटरच्या हीटमध्ये शेवटून पहिली आली आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं, २०१७ ला तिथल्या सरकारी शाळांत मुलींना पीटीचा तास मिळाला. सौदीत बाकी बायकांचं काय चाललंय, हक्कांसाठी बोलणाऱ्या किती जणी तुरुंगात गेल्या, हे मला माहितीये, मी त्यांचं कौतुक करत नाहीये. पण पीटीचा तास मिळाला की त्या वर्गातून दहा वर्षांनी काय बाहेर येतं हे मी माझ्या पोटापाण्याच्या कामातून सांगू शकते.

पुण्याने यात काही करायचं ठरवलं तर बालेवाडीची क्रीडानगरी आहे ना. १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधली, २००८ ला कॉमनवेल्थ युथ गेम्स तिथे झाल्या, इनडोअर हॉल आहेत, तलाव आहे, ट्रॅक आहे. आंतरराष्ट्रीय नंतर बघू, आधी शहराची घ्या, फक्त मुलींची, सगळ्या धर्माच्या, वर्षातून एकदा. दारावर फोन जमा करायचे, पावती द्यायची. नियमाच्या कागदावर स्वच्छ लिहायचं की टाचणी नसलेला स्कार्फ चालेल, फुल टाइट्स चालतील, शॉर्ट्सही चालतील आणि कोणी कोणाला काही बोलायचं नाही. निकाल डिस्ट्रिक्टच्या सिलेक्शनला धरायचे. आणि महापालिकेच्या तलावांवर लेडीज बॅच संध्याकाळचीही ठेवा, भर दुपारच्या बॅचला शाळेतल्या मुली कशा येणार? पहिल्या वर्षी बास्केटबॉल, बॅडमिंटन, पोहणं आणि ४०० मीटर, एवढंच पुरे. बायका पंच कुठून आणायच्या असं कोणी विचारेल, तर माझ्याबरोबर खेळलेल्या आणि लग्नानंतर ग्राउंड सुटलेल्या बायका कोंढव्यापासून पिंपरीपर्यंत पसरल्यात, निम्म्या जणींनी शिट्टी अजून जपून ठेवलीये, त्यांचा रिफ्रेशर कोर्स मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्यायला तयार आहे, हॉल आणि तारीख कोणी देणार असेल तर सांगा.